विश्लेषण : घरमालक तुरुंगात आणि कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त, असे घर विकता येते का?

घर एकाच्या नावावर, त्यावर बँकेचे कर्ज, हप्ते थकलेले आणि मालक कळंबा मध्यवर्ती कारागृहात. घरी पत्नी, म्हातारे आई-वडील आणि दारावर चिकटवलेली बँकेची ६० दिवसांची नोटीस. घर विकून कर्ज मिटवू म्हटले, तर दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. बाजारात मिळणारी किंमत थकबाकीपेक्षा कमी भरते आणि खरेदीदस्तावर सही करणारा माणूस दुय्यम निबंधक कार्यालयात येऊ शकत नाही. बहुतेक कुटुंबे इथे हात टेकतात आणि 'तो सुटून आला की बघू' म्हणून थांबतात. व्याज मात्र थांबत नाही. प्रत्यक्षात या दोन्ही अडचणींवर कायद्यात वाट आहे. ती कोणती, त्यात किती वेळ लागतो आणि कोणते काम आधी करावे लागते, याविषयी...

'शॉर्ट सेल' म्हणजे काय?

शेअर बाजारातला शॉर्ट सेल वेगळा. घरांच्या व्यवहारात हा शब्द अमेरिकेतून आला. घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली, की कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संमतीने घर मिळेल त्या बाजारभावाला विकायचे, आलेली सगळी रक्कम संस्थेने घ्यायची आणि घरावरचा बोजा उतरवायचा, असा हा व्यवहार. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत असे व्यवहार मोठ्या प्रमाणावर झाले.

भारतीय कायद्यात 'शॉर्ट सेल' असा शब्द नाही. पण त्याचे दोन्ही भाग इथे आहेत. पहिला भाग तडजोडीचा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ नुसार ज्याला येणे आहे तो पूर्ण रकमेऐवजी कमी रक्कम स्वीकारून बाकीची सोडून देऊ शकतो. बँकांच्या भाषेत हीच 'ओटीएस' म्हणजे एकरकमी परतफेड. सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये 'सामोपचार परतफेड' हा शब्दही चालतो. दुसरा भाग गहाण मिळकतीच्या विक्रीचा. बँकेच्या लेखी संमतीने कर्जदार स्वतः गिऱ्हाईक आणून घर विकू शकतो. हे दोन भाग जोडले की भारतातला शॉर्ट सेल तयार होतो.

तुरुंगात असलेल्या व्यक्तीला घर विकण्याचा हक्क असतो का?

असतो. करार करण्यासाठी व्यक्ती सज्ञान असावी, तिचे मन स्वस्थ असावे आणि कोणत्याही कायद्याने तिला अपात्र ठरवलेले नसावे, एवढ्याच अटी करार कायद्याच्या कलम ११ मध्ये आहेत. केवळ अटक झाली किंवा शिक्षा लागली म्हणून ही पात्रता जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये भुवन मोहन पटनाईक प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. न्या. यशवंत चंद्रचूड यांनी त्या निकालात म्हटले होते, की तुरुंगवासामुळे माणसाच्या फिरण्यावर किंवा व्यवसायावर मर्यादा येतात, पण मालमत्ता मिळवणे, बाळगणे आणि विकणे याच्या आड तुरुंगवास येत नाही. त्या वेळी मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर तो कलम ३०० अ खाली संवैधानिक हक्क राहिला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, हे तत्त्व कैद्यालाही लागू आहे. तो न्यायाधीन बंदी असो की शिक्षा भोगणारा, यात फरक नाही.

मग सही कशी होणार?

यासाठी कैद्याला पॅरोल किंवा जामीन मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. नोंदणी कायदा, १९०८ मध्ये त्याची सोय पहिल्यापासून आहे. कलम ३८ नुसार दिवाणी किंवा फौजदारी कारवाईत तुरुंगात असलेल्या व्यक्तीने नोंदणी कार्यालयात हजर राहण्याची सक्ती नाही. अशा वेळी नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः कारागृहात जाऊन तिची तपासणी करायची किंवा त्यासाठी कमिशन नेमायचे. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी निबंधक घरी येतात ती गृहभेट याच कलमातली.

वटमुखत्यारपत्रासाठी कलम ३३ आहे. नोंदणीच्या कामासाठी दिलेले वटमुखत्यारपत्र निबंधकासमोर करून साक्षांकित व्हावे लागते. तुरुंगातील व्यक्तीला त्यासाठीही कार्यालयात यावे लागत नाही. ती स्वखुशीने सही करते आहे ना, याची खात्री करण्यासाठी निबंधक कारागृहात जाऊ शकतो किंवा कमिशनमार्फत तपासणी करू शकतो.

प्रत्यक्षात अर्ज तीन ठिकाणी करावा लागतो. दुय्यम निबंधकाकडे भेटीचा अर्ज, कारागृह अधीक्षकांकडे परवानगीचा अर्ज आणि खटला सुरू असेल तर संबंधित न्यायालयाला माहिती देणारा किंवा परवानगी मागणारा अर्ज. न्यायालयाचा आदेश हातात असला की कारागृह आणि निबंधक कार्यालय या दोन्ही ठिकाणी प्रश्न कमी निघतात, म्हणून वकील सहसा हा मार्ग आधी धरतात. आरोपी पोलीस कोठडीत असेल तर न्यायालयीन कोठडी मिळेपर्यंत थांबणे बरे. कोठडीत घेतलेल्या सहीवर 'दबावाखाली केली' असा आक्षेप येण्याची शक्यता जास्त असते.

थेट खरेदीदस्तावर कारागृहात सही घ्यायची, की आधी वटमुखत्यारपत्र करायचे? कायदा दोन्हींना परवानगी देतो. पण खरेदीदस्तासाठी गिऱ्हाईक, बँकेची मंजुरी आणि पैसे हे सगळे एकाच दिवशी तयार लागते. वटमुखत्यारपत्र मात्र गिऱ्हाईक मिळण्याच्या आधीच करून ठेवता येते. म्हणून दुसरा मार्ग सोयीचा.

वटमुखत्यारपत्र करताना काय सांभाळायचे?

एक, ते नेमक्या मिळकतीचे असावे. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, बँकेचे नाव, कर्जखात्याचा क्रमांक यांचा उल्लेख हवा. बँकेशी तडजोडीची बोलणी करणे, तडजोडीच्या पत्रावर सही करणे, साठेखत आणि खरेदीदस्त करणे, तो नोंदणीसाठी सादर करणे, विक्रीची रक्कम थेट कर्जखात्यात भरण्यास संमती देणे, बँकेकडून मूळ कागद ताब्यात घेणे, हे अधिकार स्वतंत्रपणे लिहावेत. विक्रीचा अधिकार आहे पण तडजोडीचा नाही, अशा कागदावर बँकेत काम अडते.

दोन, ते जवळच्या नातेवाइकाच्या नावे असावे. महाराष्ट्रात पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगी अशा जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय दिलेल्या वटमुखत्यारपत्राला नाममात्र मुद्रांक लागतो. परक्या माणसाला विक्रीचा अधिकार दिला तर खरेदीदस्ताएवढे मुद्रांक शुल्क लागू शकते.

तीन, नोटरी केलेल्या कागदावर थांबू नये. निबंधकाने साक्षांकित किंवा नोंदणीकृत केलेलेच वटमुखत्यारपत्र विक्रीच्या वेळी उपयोगाचे.

चार, वटमुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे. सुरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सांगितले, की वटमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी बदलत नाही. नोंदणीकृत खरेदीदस्तच लागतो. 'साहेब आत आहेत, वटमुखत्यारावर घर घ्या, दस्त नंतर करू' असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून म्हणूनच लांब राहावे. त्याच निकालात जवळच्या नातेवाइकाला दिलेले खरेखुरे वटमुखत्यारपत्र वैध असल्याचेही म्हटले आहे.

घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असेल तर पत्नी स्वतःच्या हिश्शापुरती सही स्वतः करते आणि पतीच्या हिश्शासाठी वटमुखत्यार म्हणून वेगळी सही करते. घर वडिलोपार्जित असेल तर भावा-बहिणींच्या सह्यांचा प्रश्न वेगळा उभा राहतो. त्याचा तुरुंगाशी संबंध नाही, पण व्यवहार तिथेही अडकू शकतो.

बँक कमी रकमेवर का तयार होईल?

उदाहरण म्हणून एक हिशेब पाहू. थकबाकी ४५ लाख रुपये, घराचा बाजारभाव ३८ लाख. व्याज वर्षाला १२ टक्के धरले तर सरळव्याजानेच दरमहा ४५ हजार रुपये वाढतात. सहा महिन्यांत थकबाकी ४७ लाख ७० हजारांवर जाते आणि घराचा भाव तेवढाच राहतो. म्हणजे आज ७ लाखांची असलेली तूट सहा महिन्यांनी ९ लाख ७० हजारांची होते.

बँकेकडे दुसरा मार्ग लिलावाचा. त्यात ताबा घेणे, मूल्यांकन, जाहिरात आणि बोलीदार न आल्यास पुन्हा लिलाव असा वेळ जातो. लिलावातल्या घराला, त्यातही ज्याचा मालक तुरुंगात आहे अशा घराला, गिऱ्हाईक हात आखडता घेऊनच बोली लावते. पंचगंगेच्या पूररेषेत येणारी मिळकत असेल तर आणखी अडचण. आज हातात येणारे ३८ लाख आणि वर्षभराने कदाचित येणारे ३३-३४ लाख, अशी तुलना बँक करते. वाजवी मूल्यांकन, खरा खरेदीदार आणि पैसे भरण्याची ठरलेली तारीख, या तीन गोष्टी समोर ठेवल्या तर बोलणी पुढे सरकतात.

रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीसाठी एक चौकट जाहीर केली. सहकारी बँकांनाही ती लागू झाली. तडजोडीसाठी बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण असले पाहिजे, असे त्यात आहे. फसवणूक किंवा हेतुपुरस्सर कर्जबुडवेपणाचा शिक्का असलेल्या खात्यातही तडजोड होऊ शकते, मात्र त्यामुळे फौजदारी खटल्यावर परिणाम होत नाही. बँकेशी हिशेब मिटला म्हणजे गुन्हा मिटला, असे समजू नये.

ओटीएस हा कर्जदाराचा हक्क मात्र नाही. बिजनोर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले, की तडजोड करायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे आणि न्यायालय ती करण्याचा आदेश देऊ शकत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि मुंबईची वारी टळली, हे खरे. पण 'बँकेने ओटीएस नाकारली' एवढ्याच तक्रारीवर तिथेही दाद मिळणे कठीण.

नोटीस आल्यानंतर किती वेळ असतो?

सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खालील नोटीस मिळाल्यापासून ६० दिवस. या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ६० दिवसांनंतर बँक ताबा घेऊ शकते. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. कोल्हापूरकरांसाठी हे न्यायाधिकरण पुण्यात आहे. लिलावाआधी विक्रीची ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पहिला लिलाव फसला तर पुढच्या वेळी ही मुदत १५ दिवसांवर येते.

इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या पूर्वलेखी संमतीशिवाय तारण मिळकत विकता येत नाही. कलम १३(१३) मध्ये तशी मनाई आहे. म्हणजे आधी साठेखत करून मग बँकेला सांगायला जाणे चुकीचे. दुसरी, पूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. २०१६ च्या दुरुस्तीने हे बदलले आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर सगळे बँकेच्या मर्जीवर.

कर्ज सहकारी बँकेचे असेल तर सरफेसी लागत नाही, असा समज अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि तो खोडणारा निकाल कोल्हापूर जिल्ह्यातल्याच प्रकरणात लागला. कागल तालुक्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांना सरफेसी कायद्याचा वापर करता येतो, असे ठरवले. पतसंस्था त्यात येत नाहीत. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखला आणि कलम १५६ खालील वसुली अधिकारी यांच्यामार्फत होते.

मालक तुरुंगात असला तरी नोटिशीची मुदत थांबत नाही. नोटीस घराच्या दारावर लावून आणि दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, प्रसिद्ध करूनही बजावता येते. म्हणून घरच्यांनी नोटीस आली की पहिल्या मुलाखतीतच ती कैद्याला सांगावी आणि वकिलामार्फत बँकेला कळवावे, की कर्जदार अमुक कारागृहात आहे, तडजोडीची तयारी आहे आणि पुढचा पत्रव्यवहार या पत्त्यावर करावा.

कैद्याने सहीच केली नाही तर?

लिलाव थांबत नाही. सरफेसीत बँकेचा प्राधिकृत अधिकारीच विक्री दाखला देतो, मालकाची सही लागत नाही. पण राखीव किमतीएवढी बोली आली नाही तर कमी किमतीला विकण्यासाठी कर्जदार आणि बँक या दोघांची संमती लागते, असे सरफेसी नियमावलीच्या नियम ९(२) मध्ये आहे. शॉर्ट सेलच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडची ही तरतूद. ही संमती देतानाच 'उरलेली रक्कम माफ' हे लिहून घेण्याची संधी असते. सही न करता बसून राहिल्यास ती संधी जाते, घर जाते आणि उरलेली रक्कम डोक्यावर राहते.

मालमत्ता जप्त असेल तर?

सगळ्यात आधी तपासायची गोष्ट हीच. घर केवळ गहाण आहे, की तपास यंत्रणेने जप्तही केले आहे? अपघात, मारामारी किंवा कौटुंबिक वादाच्या गुन्ह्यात घराचा संबंध सहसा येत नाही. आर्थिक गुन्ह्यात मात्र चित्र बदलते.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली ईडी १८० दिवसांपर्यंत तात्पुरती जप्ती करू शकते आणि नंतर ती कायम होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेवर न्यायालयामार्फत टाच आणण्याची वाट पोलिसांनाही दिली. ठेवीदारांच्या फसवणुकीत महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा लागतो. त्याखाली जप्त मिळकतीवर बँकेच्या आधी ठेवीदार येतात. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले, की एमपीआयडीखाली जप्त मालमत्तेवर तारणधारक बँकेला सरफेसीच्या आधारे अग्रक्रम सांगता येत नाही.

म्हणजे जप्तीचा आदेश असेल तर बँकेची संमती पुरत नाही. विशेष न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेली विक्री खरेदीदाराला अडचणीत आणते आणि विकणाऱ्यावर नवे कलम चढवू शकते. जप्ती अजून झालेली नाही, पण होईल म्हणून नातेवाइकाच्या नावे कमी किमतीत घर करून देणे हाही उपाय नाही. धनकोंना बुडवण्यासाठी केलेले हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकते.

तुरुंगातून मालमत्ता विकण्याचे मोठे प्रयत्न कसे झाले?

देशातले सर्वांत गाजलेले उदाहरण सहारा समूहाचे सुब्रत रॉय यांचे. गुंतवणूकदारांचे पैसे परत न केल्याच्या प्रकरणात मार्च २०१४ मध्ये त्यांची रवानगी तिहारमध्ये झाली. जामिनासाठी १० हजार कोटींची अट होती. ती पूर्ण करण्यासाठी लंडनमधील ग्रोव्हनर हाऊस आणि न्यूयॉर्कमधील दोन हॉटेले विकायची होती. खरेदीदारांशी बोलणी करता यावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये तिहारच्या आवारातील कॉन्फरन्स रूम, इंटरनेट आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरण्याची परवानगी दिली. मुदतही वाढवून दिली. तरी त्या काळात सौदा पूर्ण झाला नाही. आईच्या निधनानंतर मे २०१६ मध्ये ते पॅरोलवर बाहेर आले. पुढे एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या लिलावाचा आदेश दिला. राखीव किंमत ३७ हजार ३९२ कोटी रुपये ठेवली गेली आणि लिलाव यशस्वी झाला नाही.

युनिटेकच्या संजय चंद्रा यांनाही ऑक्टोबर २०१७ मध्ये पैसे उभे करण्यासाठी तिहारमध्ये अधिकारी आणि वकिलांना भेटण्याची मुभा मिळाली होती. पुढे तुरुंगातून कारभार चालवल्याचे आरोप झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने चंद्रा बंधूंना मुंबईतील आर्थर रोड आणि तळोजा कारागृहात हलवण्याचा आदेश दिला.

या दोन प्रकरणांची तुलना कोल्हापुरातल्या एका कुटुंबाच्या घराशी होणार नाही. पण दोन गोष्टी सारख्या आहेत. न्यायालय रीतसर मागितलेली सोय देते. आणि सोय मिळाली तरी बाजार मान्य करील अशी किंमत ठेवली नाही तर गिऱ्हाईक येत नाही.

घर विकल्यानंतर उरलेल्या रकमेचे काय?

सर्वाधिक फसगत इथे होते. ३८ लाख भरले, दस्त झाला, कुटुंबाने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि वर्षभराने ७ लाखांची नोटीस आली, असे होऊ शकते. घर विकून कर्ज पूर्ण फिटले नाही, तर उरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा अधिकार सरफेसीच्या कलम १३(१०) ने बँकेला दिला आहे. 'बोजा कमी केला' आणि 'कर्ज मिटले' ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

म्हणून मंजुरीपत्रात सहा गोष्टी स्पष्ट हव्यात : किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, ती भरल्यावर उरलेली सर्व रक्कम माफ, सहकर्जदार आणि जामीनदार यांचीही मुक्तता, बँकेने दाखल केलेले वसुलीचे दावे मागे घेणे, आणि मूळ कागदपत्रे कधी मिळणार. जामीनदारांचा मुद्दा आपल्या भागात नाजूक. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या कर्जाला मित्र, मेव्हणे, कामावरचे सहकारी जामीन राहिलेले असतात आणि कायद्याने त्यांची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. पत्रात त्यांचे नाव नसेल तर बँक पुढचा मोर्चा त्यांच्याकडे वळवू शकते.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज फिटल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि बोजा उतरवणे बंधनकारक झाले. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे.

आणखी दोन हिशेब आधीच मांडून ठेवावेत. सिबिलवर खाते 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसेल आणि पुढचे कर्ज मिळणे काही काळ अवघड जाईल. दुसरा प्राप्तिकराचा. घर २० लाखांना घेतले आणि ३८ लाखांना विकले, तर सगळे पैसे बँकेत गेले तरी भांडवली नफ्यावर कर लागू शकतो. स्वतः काढलेल्या कर्जाची परतफेड त्या नफ्यातून वजा होत नाही.

खरेदीदाराने काय पाहावे?

बाजारभावापेक्षा थोडे स्वस्त म्हणून असे घर घेणाऱ्याची जोखीमही कमी नाही. मिळकत पत्रिका आणि ३० वर्षांचा सर्च, सरसाईवर तारणाची नोंद, ई-कोर्ट्सवर मालकाविरुद्धचे खटले, जप्तीचा आदेश नसल्याचे वकिलाचे लेखी मत, घरफाळा आणि पाणीपट्टीची बाकी, ही किमान यादी. वटमुखत्यारपत्र साक्षांकित करणाऱ्या कार्यालयात जाऊन ते खरे आहे का, हे पाहावे. दस्ताच्या वेळी वटमुखत्यारधारकाने मूळ मालक हयात असल्याचे आणि अधिकार रद्द केला नसल्याचे घोषणापत्र द्यावे लागते. पैसे विकणाऱ्याच्या नातेवाइकाच्या खात्यावर न देता बँकेच्या कर्जखात्यावरच भरावेत. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापण्याची जबाबदारी खरेदीदाराची.

कामाचा क्रम काय असावा?

घर जप्त नाही याची खात्री. मग वटमुखत्यारपत्र. मग मूल्यांकन आणि बँकेला लेखी प्रस्ताव. मग गिऱ्हाईक, बँकेची लेखी मंजुरी, साठेखत आणि शेवटी पैसे भरून खरेदीदस्त.

यात वटमुखत्यारपत्र दुसऱ्या क्रमांकावर असण्याला कारण आहे. बँक तडजोडीची रक्कम भरायला मर्यादित मुदत देते. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीची तडजोड कर्जाची पुनर्रचना मानली जाते, त्यामुळे बँका मुदत ताणायला नाखूश असतात. कारागृह, निबंधक आणि न्यायालय या तीन ठिकाणच्या परवानग्यांनाच कित्येक आठवडे जाऊ शकतात. मंजुरीपत्र हातात पडल्यावर सहीच्या मागे धावणाऱ्याची मुदत कारागृहाच्या दारातच संपते आणि तडजोड रद्द होते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती आणि महिला या दोघांनाही उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. म्हणजे आत असलेला मालक आणि बाहेर धावपळ करणारी त्याची पत्नी, दोघेही पात्र. थकीत कर्जाची प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व टप्प्यावरही घेतली जातात. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसते. उरलेली रक्कम माफ झाल्याचे त्या निवाड्यात नोंदवून घेतले, तर बँकेतले अधिकारी बदलले तरी तो कागद बदलत नाही.